नमुना किती वाजता घेतला?

कार्यकर्त्यांसाठी आम्ही कोल्हापुरात जो अभ्यासवर्ग घेतो, त्यात हे प्रकरण ठेवलेलं आहे. यातली आमदार, मंत्री, अधिकारी आणि गावकरी बेतलेले आहेत. नदी खरी, बंधारे खरे, सभागृहाच्या रीती खऱ्या. आमदार बेतावी लागली, कारण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातल्या १० पैकी १० जागा महायुती आणि तिच्या मित्रांकडे गेल्या. विरोधी बाकावर बसवायला जिल्ह्यातलं खरं माणूस उरलंच नाही, म्हणून आम्ही एक बसवलं. तिला ताई म्हणू. ताईंचे कागद सांभाळणारे एक निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात.

आधी नदी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं आणि तिथून पुढं पंचगंगा म्हणतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त. कोल्हापूर शहर, मग इचलकरंजी, मग शिरोळ तालुका आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेशी संगम. वाटेत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे. हे सगळे कोल्हापूर पद्धतीचे, म्हणजे दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढायचे. पावसाळा सरला की बरगे पडतात, पाणी थांबतं. पाणी थांबलं की त्यात जे जे सोडलं जातं तेही थांबतं. शहराचं सांडपाणी, कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी, कारखान्याची मळी आणि नदीकाठच्या आपल्या सगळ्या गावांची गटारं. हे शेवटचं नाव घ्यायला वर्गात कुणी पुढं होत नाही.

घटना अशी. फेब्रुवारीतल्या एका सकाळी खालच्या अंगाच्या एका बंधाऱ्यावर मासे मरून वर आले. थर लागला होता म्हणा ना. पाणी काळं, वर केंदाळ, उग्र वास. गावातल्या पोरांनी मोबाइलवर चित्रण केलं, दुपारपर्यंत ते जिल्हाभर फिरलं. गावाचं म्हणणं असं की आदल्या दिवशी वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले, तिथं तुंबलेलं पाणी एकदम खाली आलं आणि त्यानं मासे मेले. तिसऱ्या दिवशी नमुने घ्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आले. गावकऱ्यांनी त्यांना घेराव घातला, मेलेले मासे त्यांच्या गाडीवर ठेवले, वर्तमानपत्रात फोटो आला. आठवड्यानं सगळं शांत.

आपल्याकडचं नदीचं आंदोलन साधारण इथंच संपतं. या प्रकरणात ते ताईंकडे गेलं.

त्यांच्या कार्यालयात पहिल्या बैठकीत ज्या सूचना आल्या त्या ऐकण्यासारख्या आहेत. एकानं सुचवलं, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी विधान भवनाच्या पायऱ्यांवर मेलेल्या माशांची माळ घालून उभं राहायचं. (मासे कोल्हापुराहून मुंबईला नेईपर्यंत काय होतील, यावर दहा मिनिटं गंभीर चर्चा झाली.) दुसरा म्हणाला, "ताई, मंत्र्याला सभागृहात बोलूच द्यायचं न्हाई. वेलमध्ये उतरायचं." (वेल म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरची मोकळी जागा.) तिसऱ्याला स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा, हवी होती. सर गप्प होते. ताईंनी विचारल्यावर म्हणाले, "पायऱ्यांवरचं छायाचित्र कामकाजाच्या नोंदीत जात नाही. मला नोंदीत काय राहील ते पाहायचंय."

मग साधन कोणतं वापरायचं हा प्रश्न आला. लक्षवेधी सूचना ताज्या, तातडीच्या बाबीला शोभते. स्थगन प्रस्ताव बहुधा दालनातच फेटाळला जातो आणि मग फेटाळल्याबद्दल सभात्याग, तेवढंच हाती लागतं. अर्थसंकल्पी अधिवेशन तोंडावर होतं, पण तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाची, सूचना कितीतरी आठवडे आधी द्यावी लागते, ती मुदत टळून गेली होती. सरांनी पावसाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न सुचवला. कार्यकर्ते नाराज झाले. तोवर मासे कुणाला आठवणार? सरांचं म्हणणं उलटं होतं. तोवर मंडळाचा अहवाल तयार झालेला असेल, फाईल बनलेली असेल. फाईल नसताना मंत्र्याला विचारलं की ते "माहिती घेतली जात आहे" म्हणून सुटतात.

आता मसुदा. ताईंनी स्वतः लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "पंचगंगा नदी शासनाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे विषारी झाली असून लाखो लोकांचे आरोग्य धोक्यात आले आहे, हे खरे आहे काय?" वर्गात हा मसुदा वाचला की माना डोलतात. भाषण म्हणून चांगला आहे. प्रश्न म्हणून मात्र त्याला तीन शब्दांत वाटेला लावता येतं: "हे खरे नाही." "अक्षम्य" खरं नाही, "विषारी" खरं नाही, "लाखो" खरं नाही, मंत्र्यांनी यातलं कोणतंही एक धरावं. आणि पहिल्या भागाला "हे खरे नाही" आलं की पुढच्या "असल्यास" ने सुरू होणाऱ्या सगळ्या भागांना आपोआप "प्रश्न उद्भवत नाही". लोकसभेचा नियम तर स्पष्टच सांगतो की प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, विशेषणं नकोत आणि लांबी साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवी. आमच्या पोरांना हा नियम विरोधकांचं तोंड दाबणारा वाटतो. मला तो विरोधकांच्या फायद्याचा वाटतो. विशेषण काढलं की मंत्र्याला लोंबकळायला खुंटी उरत नाही.

सरांनी लिहिलेला मसुदा पाच भागांचा होता. (१) अमुक बंधाऱ्यालगत माहे फेब्रुवारीमध्ये मासे मृत झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, पाण्याचे नमुने कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिनांकास व कोणत्या वेळी घेण्यात आले? (३) सदर नमुन्यांत विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण किती आढळले? (४) घटनेपूर्वी वरील बंधाऱ्याचे बरगे काढण्यात आले होते काय, असल्यास कोणाच्या आदेशाने? (५) असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?

ताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "सर, हे फारच मिळमिळीत आहे हो."

"कोणत्या वेळी" हे दोन शब्द सरांनी मुद्दाम घातले होते, आणि या प्रकरणाचा जीव त्यांतच आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभर एकसारखा नसतो. शेवाळ माजलेल्या पाण्यात दिवसा ऊन असताना शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारी आकडा चढतो. रात्री तेच शेवाळ आणि पाण्यातले जिवाणू प्राणवायू खात राहतात, म्हणून पहाटे, उजाडण्याच्या आधी, आकडा सगळ्यांत खाली असतो. माशांना साधारण लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो. आंघोळीच्या पाण्याचं मानक ५ आहे. पहाटे २ वर गेलेलं पाणी दुपारी ऊन खाऊन ५ दाखवू शकतं. मासे पहाटे गुदमरतात, अधिकारी दुपारी बाटली भरतात. दोघंही खरं सांगतात. त्यात हा नमुना नीट घ्यायचा तर ठरलेल्या बाटलीत, बुडबुडा न राहू देता भरून, रसायनं घालून प्राणवायू तिथंच बांधावा लागतो. आणि दोन दिवस उलटल्यावर भरलेली बाटली त्या पहाटेबद्दल काय सांगणार?

अधिकारी लबाड होता असं आम्ही प्रकरणात मुद्दाम लिहिलेलं नाही. एका माणसाकडे अर्धा जिल्हा, गाडी एक, आणि गावात गेलं की घेराव. तो दुपारी पोचतो, कारण दुपारीच पोचता येतं. गावाचीही चूक आहे. शंभर चित्रफिती निघाल्या, पण पहाटे कुणी एक बाटली पाणी भरून ठेवलं नाही, कुणी वेळ टिपली नाही, पंचनाम्याचा आग्रह धरला नाही. गाडीवर मासे ठेवायला मात्र पन्नास हात होते.

अधिवेशन आलं. प्रश्न स्वीकारला गेला, यादीत छापून आला, आणि त्या दिवशी क्रमांकही वरचा लागला. हे शेवटचं नशीब. प्रश्नोत्तराचा तास नावाप्रमाणे तासाचाच असतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात, त्यांतल्या थोड्यांनाच तोंडी उत्तर मिळतं. विधानसभेतही खालच्या क्रमांकाचे प्रश्न छापील उत्तरावरच समाधान मानतात. छापील उत्तर सकाळी हाती आलं ते असं:

"(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) घटनेची माहिती प्राप्त होताच मंडळाच्या अधिकाऱ्यांनी बंधाऱ्याच्या वरील व खालील बाजूस नमुने घेतले असून विश्लेषण अहवालानुसार विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण विहित मर्यादेत आढळून आले आहे. (४) सदर बाब जलसंपदा विभागाशी संबंधित आहे. (५) प्रश्न उद्भवत नाही."

"अंशतः" म्हणजे मासे अर्धेच मेले होते की काय, असा विनोद वर्गात हमखास होतो. पण उत्तर हुशारीनं लिहिलेलं आहे. खोटं एकही वाक्य नाही. आम्ही इथं वर्गाला थांबवतो, प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवायला लावतो आणि लाल पेननं जुळणी करायला सांगतो. दुसऱ्या भागात ठिकाण, दिनांक आणि वेळ अशा तीन गोष्टी विचारल्या होत्या. ठिकाण आलं. दिनांक "माहिती प्राप्त होताच" या शब्दांत विरघळला. वेळ तर नाहीच. आणि (२) व (३) एकत्र बांधले, म्हणून हे गळालेलं चटकन दिसत नाही. सरांचा जुना अनुभव असा, की जिथं दोन भागांचं उत्तर एकत्र बांधलेलं असतं तिथं आधी बघायचं.

आदल्या रात्री आमदार निवासात सरांनी ताईंकडून तीनदा घोकून घेतलं होतं: पहिला उपप्रश्न, म्हणजे उत्तरावर उभं राहून विचारायचा पुरवणी प्रश्न, वेळेचा. प्रस्तावना नाही, पंचगंगेचं महात्म्य नाही, शाहू महाराजांचं नाव नाही. ताईंना ते जड गेलं. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय पाणपोईचं उद्घाटनही होत नाही, तिथल्या आमदाराला हे सांगणं म्हणजे काय ते कोल्हापूरकरच जाणोत.

सभागृहात ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, मी दिनांक आणि वेळ विचारली होती. उत्तरात ती नाही. नमुना कोणत्या दिवशी आणि किती वाजता घेतला, एवढंच मंत्रिमहोदयांनी सांगावं."

आणि बसल्या.

मंत्र्यांकडे भाषणाला भाषणानं उत्तर द्यायची तयारी होती. सांडपाणी प्रकल्पांची यादी होती, मागच्या सरकारनं काय केलं नाही त्याची यादी होती. वेळ नव्हती. त्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. चिठ्ठी आली, तीत दिनांक होता, घटनेनंतर दोन दिवसांचा. तो त्यांनी वाचला, आणि वाचल्याबरोबर "माहिती प्राप्त होताच" हे शब्द आपसूक गळून पडले. वेळ चिठ्ठीतही नव्हती. विरोधी बाकांवरून हशा, मग गलका. मंत्री म्हणाले, "वेळेची माहिती घेऊन सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल."

हे वाक्य म्हणजे आश्वासन. मंत्री सभागृहात जे करू, देऊ, ठेवू म्हणतात ते टिपून ठेवणारी आश्वासन समिती विधिमंडळात असते आणि विभागाला ते ठरलेल्या मुदतीत पुरं करावं लागतं. मुदती चुकतात, वर्षंही जातात, पण वाक्य मरत नाही.

इथपर्यंत सगळं सरांच्या मनासारखं झालं. गडबड पुढच्या मिनिटात आहे, आणि माझ्या मते प्रकरण शिकण्यासारखं आहे ते त्या मिनिटासाठी.

दुसरा उपप्रश्न बरग्यांचा होता. मंत्र्यांचं छापील उत्तर "सदर बाब जलसंपदा विभागाशी संबंधित" असं होतं, त्याला धरूनच तो तयार केला होता. संविधानाच्या अनुच्छेद १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. मंत्री बदलला म्हणून शासन बदलत नाही. एका नदीवर पर्यावरण, जलसंपदा, नगरविकास, उद्योग, सहकार, ग्रामविकास, मत्स्यव्यवसाय असे सात विभाग बसलेले आहेत, आणि मासा मेला की सातही एकमेकांकडे बघतात. ताईंनी विचारायचं होतं ते इतकंच, की बरगे कोणी काढायला लावले.

पण गलका चालू होता, आपल्या बाजूचे सदस्य बाकं वाजवत होते, आणि ताईंना जोर चढला. त्या उठल्या आणि पहिल्या मसुद्यातलं सगळं बोलल्या. अक्षम्य दुर्लक्ष, लाखो लोक, इचलकरंजीतली २०१२ ची काविळीची साथ, आणि हो, शाहू महाराजही. दोन मिनिटांनी अध्यक्षांनी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "या नदीचं शासन काय करणार आहे?"

मंत्र्यांना सुटकेचा श्वास सापडला. ते अतिशय नम्रपणे उठले. सदस्यांच्या भावना रास्त आहेत, विषय अनेक विभागांचा आहे, तेव्हा सर्व संबंधित अधिकारी आणि जिल्ह्यातले लोकप्रतिनिधी यांची बैठक आपल्या दालनात अधिवेशन संपण्याआधी लावू. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. ताईंनी आभार मानले. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

"दालनात बैठक" हा आपल्या सभागृहातला सगळ्यात गोड नकार आहे. सभागृहातला शब्द न शब्द टिपला जातो, दालनात चहा येतो. तिथं कुणी काय कबूल केलं याचं इतिवृत्त निघालंच तर ते विभागच लिहितो, आणि आश्वासन समितीच्या हाती लागेल असं त्यात फारसं काही नसतं. बैठक नाकारावी असं मी म्हणत नाही. गावाला त्यातून एखादं काम मिळून जातं. पण आधी उत्तर पटलावर मागायचं, मग बैठकीला जायचं. ताईंनी उलट केलं. कुस्ती शौकिनांच्या भाषेत, पट हाताला लागला होता आणि त्या प्रेक्षकांकडे बघून शड्डू ठोकायला उभ्या राहिल्या.

वर्गात यावर दरवेळी भांडण होतं. काही जण म्हणतात, ताईंनी बरोबर केलं. संध्याकाळच्या बातम्यांत त्यांचं दोन मिनिटांचं भाषण दिसलं, "किती वाजता" हा प्रश्न कुणी दाखवला नाही. मतदारसंघात फलक लागले ते भाषणाचे. निवडून यायचं असेल तर फलक लागतात. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार होते. त्याआधी १९७८ ते १९८० ते सहकारमंत्रीही होते. विचारणाऱ्याच्या आणि उत्तर देणाऱ्याच्या, दोन्ही बाकांवर बसलेलं असं माणूस आपल्याच गावात होतं, हे मी पोरांना सांगतो. एकदा उत्तर द्यायच्या बाजूला बसलं की कोणत्या प्रश्नाला घाबरायचं ते कळतं. भाषणाला कुठलाच मंत्री घाबरत नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात. दालनातली बैठक झाली, संयुक्त पाहणी करायचं ठरलं, पाहणीची तारीख दोनदा पुढं गेली. बरग्यांचा आदेश कुणाचा, हे बैठकीत तोंडी सांगितलं गेलं आणि नंतर दोन्ही विभागांनी ते नाकारलं. वेळेचं आश्वासन मात्र जिवंत राहिलं. सर दर महिन्याला विधानमंडळ सचिवालयाला ताईंच्या सहीचं एक पत्र पाठवत राहिले. तिसऱ्या अधिवेशनात पटलावर एक पानभर माहिती आली, तीत नमुन्याची वेळ होती: दुपारी ३ वाजून २० मिनिटं.

त्यानं मासे परत आले नाहीत, कुणाचा राजीनामाही आला नाही. एवढंच झालं, की पुढच्या हिवाळ्यात त्याच बंधाऱ्यावर मासे वर आले तेव्हा गावच्या पोरांनी पहाटे साडेपाचला कार्यालयात फोन लावला, फोनची वेळ वहीत लिहिली, आणि अधिकारी सकाळी आठच्या आत आला. आल्यावर त्यानं स्वतःच विचारलं, "वेळ लिहिताय न्हवं?"

प्रकरणाच्या शेवटी आम्ही प्रत्येकाला एक कोरा कागद देतो आणि ताईंचा दुसरा उपप्रश्न पुन्हा लिहायला सांगतो. वेळ तीन मिनिटं. मागच्या वर्गात २० कागद आले. १४ कागदांवर भाषण होतं, त्यांतल्या तिघांनी "अक्षम्य" हा शब्द अधोरेखित केला होता. शिरोळकडचा एक पोरगा शेवटच्या बाकावर बसून मोबाइल बघत होता, त्याचा कागद सगळ्यांत आधी आला. त्यावर एकच ओळ होती: "बरगे कोणत्या दिवशी, कुणाच्या लेखी आदेशानं काढले?"